आमचे धारेचे वावडे

आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी पंच्याहत्तरी ओलांडली, तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एकत्र जमून त्यांचा सत्कार करावा असे ठरले. वर्गणी जमली, सभागृह मिळाले, अध्यक्षही मिळाले. प्रश्न उरला तो एवढाच, की मास्तरांना द्यायचे काय? शाल आणि श्रीफळ यांविषयी मतभेद संभवतच नव्हता. त्यांच्या जोडीला ‘कायम स्मरणात राहील असे काहीतरी’ द्यावे, असे सर्वांचे म्हणणे पडले. आम्ही सुचविले, की मास्तरांना एक लहानसा, सुबक, घडीचा चाकू द्यावा.

ज्यांनी मास्तरांच्या वर्गात एक वर्ष जरी काढले असेल त्यांना या सूचनेचे कारण सांगण्याची गरज नव्हती. मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात टोक तुटलेला एक चाकू सदैव असे. तास सुरू झाला की पहिली पाच मिनिटे ते मुलांच्या पेन्सिली त्या चाकूने तासून देत. शार्पनरने केलेले टोक त्यांना खपत नसे. शार्पनर लाकूड आणि शिसे एकाच उताराने कापतो, त्यामुळे टोक आखूड निघते, आणि छाया भरताना पेन्सिल आडवी धरली की कागदाला शिशाऐवजी लाकूड लागते. अर्धा इंच शिसे उघडे ठेवून ते न मोडता निमुळते करणे हे पात्याचे काम आहे, आणि पाते धरणाऱ्या अंगठ्याचे. आमच्यापैकी कित्येकांना मास्तरांनी शिकविलेली यथार्थदर्शनाची गणिते आज आठवत नसतील. पण तो अंगठा आठवत नाही असा विद्यार्थी विरळा.

सूचना ऐकून समितीत क्षणभर शांतता पसरली. मग कोषाध्यक्ष म्हणाले, “अहो, धारेची वस्तू देऊन का कुणी गुरूशी नाते तोडतो?” झाले! एवढ्या एका वाक्याने प्रश्न निकालात निघाला. उच्चशिक्षित अशा अकरा माणसांपैकी दहांनी माना डोलावल्या आणि सोनेरी मुलाम्याचे, काचेच्या पेटीतले, मधोमध घड्याळ बसविलेले एक सन्मानचिन्ह मुक्रर झाले. सत्काराच्या दिवशी ते घड्याळ बंदच होते, कारण त्यात सेल घालायचे कुणाच्या ध्यानात आले नाही.

आमची सूचना फेटाळली गेली याची चीड आम्हास आहे, आणि ती आम्ही लपवीत नाही. परंतु केवळ त्या चिडीपायी आम्ही हे लिहावयास बसलो नाही. हे वावडे त्या समितीपुरते नाही. गोव्यात पाहा, बेळगावात पाहा, इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत पाहा. सुरी, कात्री, सुई एकाने दुसऱ्याच्या हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि त्याने उचलून घ्यावी, नाहीतर भांडण होते, ही शिकवण आपल्या सर्वांना दुधाबरोबर पाजण्यात आलेली आहे. हातात द्यायची नाही, तिथे भेट म्हणून देण्याची गोष्ट कसली?

आता या शिकवणीची परीक्षा दुसऱ्या कुणाच्या नव्हे, आपल्याच पंचांगाने करून पाहू. आश्विन शुद्ध नवमीस आपण काय करतो? त्या दिवशीला आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात. ज्यांच्या घरी तलवार होती त्यांनी तलवार पुजली. ज्यांच्या घरी नव्हती त्यांनी विळी, सुरी, कात्री, अडकित्ता, कोयता जे असेल ते घासूनपुसून पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले. सुतार त्या दिवशी करवतीला हात लावीत नाही. म्हणजे वर्षातून एक दिवस जी वस्तू आपण देवाच्या जागी मांडतो, ती उरलेले दिवस आप्तेष्टाला द्यावयास अशुभ! पूज्यही तीच आणि त्याज्यही तीच! यातले एक तरी खोटे असले पाहिजे. खंडेनवमी खोटी असे म्हणण्याची आमची तयारी नाही.

आणि अडकित्त्याचे काय करावयाचे? अडकित्ता म्हणजे पाते नव्हे तर काय? सुपारी कातरताना बोट सापडले तर चाकूइतकीच दया तोही दाखवीत नाही. तरीही जावयाला पानाचा डबा द्यावयाचा तर त्यात अडकित्ता हवाच असे; तो नुसता लोखंडाचाही नसे, पितळेचा, नक्षीचा, घुंगरू लावलेला, मोराच्या किंवा घोड्याच्या आकाराचा असे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असे अडकित्ते मांडलेले आहेत. पाहणाऱ्याला कळते, की ज्यांनी ते घडविले आणि ज्यांनी ते भेट दिले त्यांना धारेची भीती वाटत नव्हती. धार सुंदर करता येते एवढे त्यांना ठाऊक होते. सासऱ्याने दिलेल्या त्या अडकित्त्यांनी घराघरांत नाती तुटली असती, तर आज आपण कुणीच इथे नसतो.

इतर देशांतही ही समजूत आहे, हे आम्हास मान्य आहे. इंग्रजांत आहे, फ्रेंचांत आहे, चिन्यांतही आहे. युरोपीयांनी तिच्यावर उपायही शोधला आहे: चाकू घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक नाणे ठेवावे, म्हणजे ती भेट न राहता खरेदी ठरते आणि मैत्री शाबूत राहते. वा! जी नियती जन्मोजन्मीचे हिशेब ठेवते म्हणतात, ती एका पेनीच्या पावतीने फसते! आमच्या मते हा तोडगा म्हणजे त्या समजुतीची त्या लोकांनी केलेली प्रेमळ थट्टा आहे. चाकू देणे त्यांनी बंद केले नाही. फिनलंडात तर ‘पुक्को’ नावाचा कमरेचा लहान चाकू भेट देणे हा घेणाऱ्याचा मान समजला जातो. ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच माणूस धार देतो, असा त्यातला भाव. आपण मात्र तोडगा काढण्याचेही कष्ट घेतले नाहीत; चाकूच टाकला आणि मुलाम्याचे घड्याळ घेतले.

वास्तविक, अपशकुन हे निमित्त आहे. खरे कारण दुसरे आहे आणि ते सांगावयास कुणी धजत नाही. पांढरपेशा मराठी माणसाच्या हातून अवजार सुटून दोन-तीन पिढ्या झाल्या. आमच्या पणजोबांच्या कलमदानात दौत, बोरू आणि बोरू तासण्याचा चाकू असे. लिहिणाऱ्याला तो चाकू दौतीइतकाच आवश्यक होता, कारण बोरूची जीभ झिजली की ती पुन्हा तिरपी कापून घ्यावी लागे, आणि मोडीचे वळण त्या कापावर अवलंबून असे. ज्याला कापता येत नाही त्याला लिहिता येत नाही, अशी ती स्थिती होती. इंग्रजी भाषेत खिशातल्या लहान चाकूचे नाव आजही लेखणीवरूनच पडलेले आहे. पुढे टाक आला, झरणी आली, बॉलपेन आले, आणि लेखणीची व पात्याची फारकत झाली. त्याबद्दल आमची तक्रार नाही. बोरूने लिहिण्याची हौस आम्हासही नाही. तक्रार आहे ती त्यानंतर आलेल्या तोऱ्याची. हातात पाते असणे हे हलक्या माणसाचे लक्षण, असे आम्ही मनाशी धरून बसलो. कंबरेच्या आकडीत कोयता अडकवून माडावर चढणारा, माडाची पोय कातीने छेदून सूर काढणारा रेंदेर, बाजारात बसून आदोळीवर इसवण कापणारी बाई, सायकलीवर चाक लावून दारोदार फिरणारा शिकलगार, या साऱ्यांच्या कौशल्याकडे आम्ही सज्जातून पाहतो आणि मुलांना सांगतो, “हात कापेल, दूर हो!” मग ती मुले सोळा वर्षांची होऊनही आंबा सोलून मागतात.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळून पुढे जाणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. वर्तमानपत्र उघडा, कुणी कुणाला भोसकल्याची बातमी त्यात असतेच. अशा दिवसांत तुम्ही लोकांना चाकू वाटा म्हणता? नाही, चाकू वाटा असे आम्ही म्हणत नाही. बटण दाबताच कमानीने फटकन उघडणारे, लांब पात्याचे, हाणामारीसाठीच जन्मलेले चाकू भेट देणाऱ्याची आम्ही कड घेणार नाही. रामपूरच्या चाकूने एकेकाळी हिंदी चित्रपटातल्या खलनायकाच्या हातात बरीच कीर्ती मिळविली. पुढे १९९०च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने लांब पात्यांवर निर्बंध घातले आणि तो धंदा रोडावला. २०२३ साली त्याच रामपुरात एका चौकात सुमारे वीस फूट उंचीचा चाकू उभारण्यात आला! कारागीर गेला की त्याच्या वस्तूचा पुतळा होतो, हे आपल्या देशाचे जुने तंत्र आहे.

परंतु कायद्याचे म्हणावे तर तो आमच्या समितीपेक्षा शहाणा आहे. आपल्या देशातील शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात, आणि घरगुती व शेतीच्या कामासाठी घडविलेल्या त्यांतूनही वगळलेल्या आहेत. खिशातल्या अडीच इंची चाकूला कायदा शस्त्र म्हणत नाही. स्थानिक मनाई हुकूम असेल तिथे तो पाळावा, विमानाने जाताना चाकू हातातल्या पिशवीत न ठेवता सामानात सोपवावा. एवढे ज्याला कळते त्याला अडचण पडू नये. ज्या सुरीने घरोघर कांदा चिरला जातो ती त्या अडीच इंची चाकूपेक्षा तिप्पट मोठी असते आणि ती प्रत्येक घरात आहे. भय पात्याचे असते तर आधी ती बाहेर टाकावी लागेल.

भयाने काय होते याचे एक उदाहरण जपानात घडले आहे. तिकडे ह्योगो प्रांतातील मिकी गावी ‘हिगोनोकामी’ नावाचा घडीचा चाकू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होत आला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, आत एक पाते, पात्याच्या मागे अंगठ्याने दाबण्याची लहानशी शेपटी; ना कुलूप, ना कमान, ना नक्षी. शाळकरी पोरांच्या खिशात तो असे; त्याने पेन्सिली तासल्या जात आणि बांबूची खेळणी होत. १९६० साली तोक्योत समाजवादी पक्षाचे नेते असानुमा यांचा भर सभेत एका सतरा वर्षांच्या मुलाने खून केला. त्याच्या हाती आखूड तलवार होती. परंतु त्यानंतर मुलांच्या हाती पाते देऊ नये अशी चळवळ देशभर झाली आणि तिचा घाव बसला तो पेन्सिली तासणाऱ्या चाकूवर. मिकीतले कारागीर एकामागून एक हा उद्योग सोडून गेले आणि शेवटी जुन्या संघातले एकच घराणे तो करणारे उरले. पण त्याच जपानात, नागानो प्रांतातील इकेदा गावच्या एका प्राथमिक शाळेत, पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला हाच चाकू भेट देण्याचा प्रघात १९८०च्या दशकात पडला. सहा-सात वर्षांच्या मुलाला! पहिल्या महिन्यात बोटे थोडीफार कापली जात असतील. आमच्या मास्तरांच्या वर्गातही कापली जात. मास्तर कपाटातून टिंक्चर काढीत आणि तास पुढे चाले.

चाकूला भिणाऱ्यांविषयी इतके पुरे. आता चाकूच्या हौशी लोकांकडे वळणे भाग आहे, कारण चाकूची भेट बदनाम करण्यात त्यांचा वाटा कमी नाही. भेट द्यायची म्हटली की हे गृहस्थ दुकानात जातात आणि ज्याला सर्वांत अधिक पाती असतील तो चाकू उचलतात. हा सोस नवा नव्हे. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्यात पंचाहत्तर पाती व अवजारे असलेला एक चाकू करण्यात आला होता. तो आजही शेफील्डमध्ये आहे आणि त्याने कुणी कधी पेरू कापल्याचे ऐकिवात नाही. प्रदर्शनासाठी ते ठीक होते. परंतु २००६ साली स्वित्झर्लंडच्या वेंगर कंपनीने सत्त्याऐंशी अवजारांचा चाकू विक्रीसही काढला! तो खिशात मावत नाही. मावतो तो फक्त विक्रमांच्या पुस्तकात. ज्या स्विस चाकूची ही थट्टा आहे, तो मुळात फार समंजस चाकू आहे. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली इबाख येथे कार्यशाळा काढली, १८९१ पासून ते सैनिकांना चाकू पुरवू लागले आणि १८९७ साली त्यांनी अधिकाऱ्यांच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. त्या घराण्यातला सर्वांत लहान नमुना जेमतेम ५८ मिलिमीटर लांबीचा आहे: एक पाते, एक कात्री, एक कानस, वर चिमटा आणि दातकोरणे. मुंबईच्या लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या माणसालाही तो जड होणार नाही. दुर्दैवाने हाच चाकू कंपन्या घाऊक घेतात, त्याच्या लाल अंगावर आपले बोधचिन्ह छापतात आणि दिवाळीला वाटतात. भेटीवर देणाऱ्याने आपली जाहिरात छापणे याहून अधिक नाते तोडणारे काही असेल, असे आम्हास वाटत नाही.

दुसरी फसगत नावाची. फ्रान्समधील लायोल या लहानशा गावी १८२९च्या सुमारास एक डौलदार चाकू घडू लागला. किंचित बाकदार मूठ, बारीक निमुळते पाते आणि कमानीच्या टोकाशी कोरलेली मधमाशी. चाकूइतका सुरेख चाकू असू शकतो हे ज्याला पटत नसेल त्याने तो एकदा मिटताना पाहावा. परंतु त्या नावाला दीर्घकाळ कायद्याचे संरक्षण नव्हते. १९९३ साली बाहेरच्या एका व्यापाऱ्याने ते नाव अनेक प्रकारच्या मालासाठी नोंदवून घेतले, आणि दूरदेशी होणाऱ्या स्वस्त चाकूंवरही तीच मधमाशी बसू लागली. गावकऱ्यांचा संताप इतका झाला, की २०१२ साली त्यांनी निषेध म्हणून आपल्या गावाच्या नावाची पाटीच काढून ठेवली. सबब मधमाशी पाहून पैसे मोजू नयेत. चाकू कुणी घडविला ते विचारावे, आणि दुकानदारास सांगता येत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

मग सुबक म्हणावे कशाला? कोडगूच्या लोकांची ‘पीचेकत्ती’ ज्यांनी पाहिली असेल त्यांना आमचे म्हणणे लवकर पटेल. चांदीने मढविलेल्या म्यानातली ती लहान सुरी कमरेच्या रेशमी पट्ट्यात खोवतात, तिच्या साखळीला चिमटा आणि कानकोरणे यांसारख्या चिमुकल्या वस्तू लोंबतात. तिथे दागिना आहे, पण तो पात्याला अडवीत नाही. उलट टोकाला ओपिनेल आहे. सव्हॉय प्रांतातील जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली केलेला तो चाकू म्हणजे एक लाकडी दांडा, एक पाते, एक पक्के कडे आणि एक खिळा. १९५५ साली त्यात पाते अडकविणारे फिरते कडे आले, म्हणजे भाग पाच झाले. त्यावर एका रेषेचीही नक्षी नाही. तरीही १९८५ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जगातील सर्वांत सुंदर अशा शंभर वस्तूंत त्याला स्थान दिले. शेतकऱ्याच्या खिशातला स्वस्त चाकू तो! त्याचा सहा क्रमांक, सात सेंटिमीटर पात्याचा, हाताला इतका बेताचा बसतो की भेट म्हणून आम्हास त्यापुढे चांदीची मूठ फिकी वाटते. सोने चढविल्याने वस्तू सुबक होत नाही. जे काम करावयाचे आहे त्याहून एक गुंजभर अधिक तिच्यात नसावे आणि एक गुंजभर उणे नसावे, इतकीच आमची सुबकपणाची व्याख्या आहे.

चाकू निवडताना आम्ही काय पाहतो ते आता सांगतो. वाचकांनी त्यात आपली भर घालावी.

पाते दोन ते तीन इंच. याहून लांब झाले की लोक दचकतात आणि याहून आखूड झाले की सफरचंद दोनदा कापावे लागते. पाती एक, फार तर दोन. पाते उघडताना नखाला जोर लागावा, पण नख तुटू नये. मिटताना शेवटी ‘टक’ असा एकच स्वच्छ आवाज यावा. तो आवाज भोंगळ आला तर कमान ढिली आहे असे समजावे. उघडलेले पाते दोन बोटांत धरून बाजूला हलवून पाहावे. हलले तर चाकू खाली ठेवावा, किंमत विचारूच नये. मग मिटलेला चाकू उजेडाकडे धरावा. पाते मुठीच्या मधोमध बसते की एका बाजूला घासते? कमान आणि आतील पत्रे यांच्यामधून उजेड दिसतो का? जिथून उजेड जातो तिथून पाणी जाते, आणि जिथून पाणी जाते तिथे गंज येतो. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्यावा.

पोलादाविषयी पंडितांत मोठे वाद आहेत. आमच्या भागापुरते बोलायचे तर आषाढ-श्रावणाची हवा हाच निर्णायक मुद्दा ठरावा. साधे कार्बनचे पोलाद दगडावर लवकर धार घेते, आणि ती धार केस कापील इतकी सूक्ष्म येते. परंतु कोकमाचा रस लागलेले पाते रात्रभर तसेच राहिले तर सकाळी त्यावर डाग पडतो, आणि पावसाळ्यात कपाटात विसरले तर गंज. रोज वापरणाऱ्याच्या हाती तेच पाते हळूहळू निळसर-करडे होत जाते, आणि तो रंग त्याचे थोडेफार रक्षणही करतो. तेव्हा ज्याला चाकू पुसून ठेवण्याची सवय आहे त्याला साधे पोलाद द्यावे. ज्याला नाही, किंवा जो म्हापसा-मालवणसारख्या समुद्राकाठच्या ओलीत राहतो, त्याला स्टेनलेस द्यावे. इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी ही चिंता करू नये. त्यांना धुळीची चिंता आहे. मुठीत शिरलेली धूळ काढण्यासाठी तेलाचा एक थेंब पुरतो.

मूठ शिसवीची, म्हशीच्या शिंगाची किंवा पितळेची असावी. सांबरशिंगाचा मोह आवरावा. एकेकाळी शेफील्डच्या उत्तमोत्तम चाकूंवर हिंदुस्थानातल्या सांबराचे शिंग असे; पण आपल्या वन्यजीव कायद्याने तो व्यापार बंद केला, आणि योग्यच केले. जुना चाकू घरातला असेल तर तो घरातच ठेवावा.

आणि शक्य असेल तर ज्याने घडविला त्याचे नाव माहीत असलेला चाकू घ्यावा. शेफील्डमध्ये एकेकाळी ‘लिटल मेस्टर’ म्हणून ओळखले जाणारे स्वतंत्र कारागीर गल्लीगल्लीत असत. कोरड्या दगडावर पाती घासणाऱ्यांच्या फुप्फुसांत धूळ जाऊन ते अकाली मरत. त्या शहराच्या कीर्तीखाली ती माणसे गाडलेली आहेत. त्या परंपरेतले अखेरचे म्हणून गाजलेले स्टॅन शॉ (१९२६–२०२१) पात्यापासून मुठीपर्यंत सारा चाकू एकट्याने करीत आणि गिऱ्हाइके वर्षानुवर्षे वाट पाहत. आपल्याकडे तसे कुणी नाही असे म्हणण्याआधी आपल्या गावच्या लोहाराला एकदा विचारून तरी पाहिले आहे का?

समितीत हरल्यावर आम्ही स्वखर्चाने चाकू घेतला: साध्या पोलादाचा, शिसवी मुठीचा, एका पात्याचा. वर सांगितलेल्या सर्व परीक्षा त्याच्यावर केल्या आणि सत्कारानंतर आठ दिवसांनी मास्तरांच्या घरी गेलो. सन्मानचिन्ह कपाटावर होते, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. आम्ही चाकू खाली ठेवला नाही. मास्तरांच्या हातात दिला. त्यांनीही नाणे काढले नाही.

त्यांनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पाते नखावर टेकवून पाहिले. मग चष्मा कपाळावर ढकलून ते म्हणाले, “चाकू चांगला आहे रे. पण धार कारखान्याची आहे. आणि टोकाशी जाड ठेवलाय, पेन्सिलीला चालणार नाही.” आमची सारी परीक्षा त्या दोन वाक्यांत नापास झाली. त्यांनी न्हाणीघरातून दगड आणला, त्यावर पाणी शिंपडले आणि जमिनीवर बसून पाते घासावयास सुरुवात केली. पाऊण तास ते बोलले नाहीत. हात कापत होता, परंतु दगडावर पाते टेकले की कंप थांबे. मास्तरीणबाईंनी दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा तो निवला.

शेवटी पाते धोतराच्या सोग्याला पुसून त्यांनी ते उजेडात धरले. “आण, पेन्सिल दे तुझी,” ते म्हणाले.

आम्ही सदऱ्याचा खिसा चाचपला. तिथे बॉलपेन होते. पिशवीत पाहिले. मास्तर हात पुढे करून थांबले होते.